मिचूचा लाल तुकडा

एक सण होता. तो कॅलेंडरात नव्हता. तो फक्त नमूच्या घरी होता.

त्याचं नाव गोधडीचा सण.

थंडीतला सगळ्यांत छोटा दिवस आला, की हा सण यायचा. त्या दिवशी दुकानात जायचं नाही. नवे कपडे नाहीत. फटाके नाहीत. पेढ्यांचे खोके नाहीत. घरात आहे ते खायचं. घरात आहे ते शिवायचं. आणि सगळ्यांनी मिळून एकाच गोधडीत बसायचं.

गोधडी केवढी? अंगणाएवढी!

दरवर्षी घरातला प्रत्येकजण गोधडीला एक जुना तुकडा द्यायचा. आई तो शिवायची. यंदा आजोबांनी पंच्याचा तुकडा दिला. आईनं साडीचा काठ दिला. नमूनं फ्रॉकची झालर दिली. बाळानं टोपडं दिलं. शेळीनं गोणपाटाचा तुकडा दिला. बाबांनी काय दिलं? बाबांनी शर्टाचा खिसा दिला. अख्खा खिसा!

आणि घरात एक नियम होता.

ज्याचा तुकडा, त्याची जागा.

तुकडा नाही? मग जागा नाही.

आणखी एक नियम होता.

सूर्य डोंगराआड गेला, की सुई डब्यात.

मग कुणी कितीही रडलं, तरी सुई डब्यात.

त्या घराच्या भिंतीत एक भोक होतं. भोकात एक चिचुंद्री राहायची. डोळे मिचमिच, नाक लांब, शेपूट छोटं. तिचं नाव मिचू.

लोक तिला उंदीर म्हणायचे. मिचूला राग यायचा.

"मी उंदीर नाही. मी चिचुंद्री. उंदीर कापड कुरतडतो. मी कुरतडत नाही. मी किडे खाते. चिक्!"

मिचूकडे एक तुकडा होता. लाल लाल. त्यावर पांढरे ठिपके. तेच तिचं अंथरूण. तेच तिचं पांघरूण. दुसरं काहीच नव्हतं.

मिचू म्हणाली, "यंदा मीपण तुकडा देणार. यंदा मीपण गोधडीत बसणार. भिंत फार गार आहे."

तिनं तुकडा धुतला. खळ खळ खळ.

तिनं तुकडा पिळला. पिळ पिळ पिळ.

तिनं तुकडा कुंपणावर वाळत घातला.

आणि आला वारा. फुर्रर्र!

तुकडा उडाला. वर गेला, खाली आला, गोल गोल फिरला. आणि अंगणातल्या बोरीच्या काट्याला अडकला. उंच, उंच, उंच.

मिचू बोरीवर चढायला गेली. ठुक! नाकाला काटा टोचला.

दुसरीकडून चढायला गेली. ठुक! शेपटीला काटा टोचला.

मिचू खाली बसली. अंग थरथरलं. हुड हुड हुड!

सूर्य डोंगराच्या वर होता. हातभर वर.

मिचू म्हणाली, "बोरीबाई, बोरीबाई, माझा तुकडा दे ना!
तुकड्याशिवाय जागा नाही,
आणि मला वाजते थंडी! हुड हुड हुड!"

बोरी म्हणाली, "कशी देऊ? तुकडा वर, तू खाली. मला काय हात आहेत? शेळीनं फांदी ओढली, तरच तुकडा देईन. नाहीतर नाही."

"बरं!" म्हणाली मिचू. आणि निघाली.

तुरू तुरू तुरू! चिक् चिक् चिक्!

गोठ्यापाशी शेळी होती. गोणपाट पांघरून उभी होती. कडबा चघळत होती. कचर कचर कचर.

"काय गं उंदरे?" शेळी म्हणाली.

"मी उंदीर नाही. मी चिचुंद्री."

"बरं, काय गं चिचुंद्रे?"

"शेळीबाई, शेळीबाई, फांदी ओढ ना!
बोरी तुकडा देत नाही,
तुकड्याशिवाय जागा नाही,
आणि मला वाजते थंडी! हुड हुड हुड!"

शेळी म्हणाली, "ओढीन की! बोरीचा पाला मला आवडतोच. पण माझ्या गळ्यात बघ. दावं आहे. दाव्याला गाठ आहे. नमूनं दावं सोडलं, तरच फांदी ओढीन. नाहीतर नाही. बें!"

"बरं!" म्हणाली मिचू. आणि निघाली.

सूर्य थोडा खाली सरकला.

तुरू तुरू तुरू! चिक् चिक् चिक्!

पायरीवर नमू बसली होती. दोन्ही हात काखेत होते. नाक लाल झालं होतं.

"मिचू! अगं, तुझी मिशी गोठली!" नमू म्हणाली.

"मिशी राहू दे. नमू, नमू, दावं सोड ना!
शेळी फांदी ओढत नाही,
बोरी तुकडा देत नाही,
तुकड्याशिवाय जागा नाही,
आणि मला वाजते थंडी! हुड हुड हुड!"

नमूनं काखेतून एक बोट काढलं. ते वाकेना. तिनं बोट परत काखेत घातलं.

"गाठ सोडायला बोटं लागतात. माझी बोटं आखडली. शेकोटी पेटली, तरच दावं सोडीन. नाहीतर नाही."

"तोंडानं सोड की!"

"शी! दाव्याला शेळीची लाळ आहे."

"बरं!" म्हणाली मिचू. आणि निघाली.

सूर्य आणखी खाली सरकला.

तुरू तुरू तुरू! चिक् चिक् चिक्!

अंगणात शेकोटी होती. म्हणजे नुसती लाकडं होती. खाली काटक्या, वर ओंडके. काळी काळी, गार गार. सगळी नमूनं आणि बाबांनी वेचून आणलेली.

"कोण? उंदीर?" शेकोटी म्हणाली.

"मी उंदीर नाही. मी चिचुंद्री. शेकोटी, शेकोटी, पेट ना!
नमू दावं सोडत नाही,
शेळी फांदी ओढत नाही,
बोरी तुकडा देत नाही,
तुकड्याशिवाय जागा नाही,
आणि मला वाजते थंडी! हुड हुड हुड!"

शेकोटी म्हणाली, "पेटेन की! पेटणं हेच माझं काम. सकाळपासून तयार आहे. पण मी आपली आपण पेटत नाही. बाबांनी काडी ओढली, तरच पेटेन. नाहीतर नाही."

"बरं!" म्हणाली मिचू. आणि निघाली.

सूर्य आणखी खाली सरकला. आता तो वीतभर वर होता.

तुरू तुरू तुरू! चिक् चिक् चिक्!

ओट्यावर बाबा होते. रताळी पुसत होते. एक पुसलं, टोपलीत टाकलं. एक पुसलं, टोपलीत टाकलं. थप. थप.

"काय उंदीरमामा? रताळं पाहिजे?"

"मी उंदीर नाही. मी मामापण नाही. मी चिचुंद्री!"

"चुकलो बाई. बोला."

"बाबा, बाबा, काडी ओढा ना!
शेकोटी काही पेटत नाही,
नमू दावं सोडत नाही,
शेळी फांदी ओढत नाही,
बोरी तुकडा देत नाही,
तुकड्याशिवाय जागा नाही,
आणि मला वाजते थंडी! हुड हुड हुड!"

बाबांनी हातात काडेपेटी घेतली. हलवली. खुळ खुळ खुळ. मग म्हणाले, "काडी ओढीन की! पण लाकडं बघितलीस? एवढीशीच आहेत. आत्ता पेटवली आणि गोधडी उशिरा आली, तर? सगळी लाकडं जळून जातील. मग आपण काय राखेभोवती बसायचं? आईनं गोधडी आणली, तरच काडी ओढीन. नाहीतर नाही."

आणि बाबांनी काडेपेटी खिशात टाकली.

टप्! काडेपेटी खाली पडली. खिसा कुठे होता? खिसा तर गोधडीत गेला होता!

मिचूला हसू आलं. पण हसायला वेळ नव्हता.

"बरं!" म्हणाली मिचू. आणि निघाली.

सूर्य आणखी खाली सरकला.

तुरू तुरू तुरू! चिक् चिक् चिक्!

मिचूनं उंबरा ओलांडला. उंबऱ्याजवळ एक झोळी होती. झोळीत बाळ होतं. बाळाचे दोन पाय बाहेर आले होते. गुबगुबीत. बाळ म्हणत होतं, "अंऽऽ."

बाळाला एवढंच बोलता यायचं. "अंऽऽ."

खोलीत गोधडी पसरली होती. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. आई एका टोकाला बसून टाके घालत होती. टुक टुक टुक. एका पायानं झोळी हलवत होती. झुल झुल झुल.

"अगो बाई! उंदीर!" आईनं पाय वर घेतला.

"मी उंदीर नाही. मी चिचुंद्री. भिंतीतली मिचू."

"तू होय! घाबरवलंस की गं."

"आई, आई, गोधडी न्या ना!
बाबा काडी ओढत नाहीत,
शेकोटी काही पेटत नाही,
नमू दावं सोडत नाही,
शेळी फांदी ओढत नाही,
बोरी तुकडा देत नाही,
तुकड्याशिवाय जागा नाही,
आणि मला वाजते थंडी! हुड हुड हुड!"

आईनं सुई वर धरली. म्हणाली, "नेईन की! पण तिकडे बघ. त्या टोकाला कोण बसलंय?"

त्या टोकाला आजोबा होते. गोधडीवर मांडी घालून बसले होते. डोक्याला मफलर होता. गोधडी त्यांच्या खाली होती.

आई म्हणाली, "दुपारपासून बसलेत. मी दोनदा म्हटलं, उठा. ते म्हणाले, अजून नाही. का नाही, ते सांगत नाहीत. आता त्यांच्यासकट गोधडी उचलू का मी? आजोबा उठले, तरच गोधडी नेईन. नाहीतर नाही."

"बरं!" म्हणाली मिचू.

मग तिनं पाय आपटला. छोटासा. टिक्!

"या घरात सगळे कुणाची ना कुणाची वाट बघतात!"

"बघतात खरं," आई म्हणाली. आणि तिनं खिडकीतून सूर्य बघितला. "मिचू, पळ."

सूर्य डोंगराला टेकला होता.

तुरू तुरू तुरू! चिक् चिक् चिक्!

मिचू गोधडीवरून पळाली. साडीच्या काठावरून. झालरीवरून. टोपड्यावरून. गोणपाटावरून. खिशात पडली! खिशातून निघाली. पंच्यावरून गेली. आणि आजोबांच्या गुडघ्यावर चढली. गुडघ्यावरून पोटावर. पोटावरून खांद्यावर. कारण आजोबांना कमी ऐकू यायचं.

"कोण गं? उंदीर का?" आजोबा म्हणाले.

मिचू त्यांच्या कानात ओरडली, "मी उंदीर नाही! मी चिचुंद्री! आजोबा, आजोबा, उठा ना!
आई गोधडी नेत नाही,
बाबा काडी ओढत नाहीत,
शेकोटी काही पेटत नाही,
नमू दावं सोडत नाही,
शेळी फांदी ओढत नाही,
बोरी तुकडा देत नाही,
तुकड्याशिवाय जागा नाही,
आणि मला वाजते थंडी! हुड हुड हुड!"

आजोबांनी डोळे मोठे केले.

"एवढं सगळं माझ्यामुळे अडलंय?"

"हो," मिचू म्हणाली.

"अगं, पण मी तरी काय करू? आपल्या सणाची एक रीत आहे. घरातल्या सगळ्यांत लहानानं उंबऱ्यावरून हाक मारायची. मग सगळ्यांत मोठ्यानं उठायचं. मग गोधडी बाहेर जाते. दोन वर्षं नमूनं हाक मारली. आता नमू लहान नाही. आता बाळ लहान आहे. मी बाळाच्या हाकेची वाट बघतोय."

मिचूनं झोळीकडे बघितलं.

"अंऽऽ," बाळ म्हणालं.

"आजोबा! बाळाला बोलता येत नाही!"

"येईल की."

"कधी?"

"आता... चार-सहा महिन्यांत."

"आजोबा! तेव्हा उन्हाळा असेल!"

आजोबांनी विचार केला. उन्हाळ्यात गोधडी? उन्हाळ्यात शेकोटी? त्यांनी मफलर सैल केला. नुसत्या विचारानंच त्यांना घाम आला.

"हे माझ्या डोक्यातच आलं नाही," आजोबा म्हणाले. "मग हाक कोण मारणार?"

"मी."

"तू?"

"मी बाळाहून लहान आहे. बघा की. मी बाळाच्या पायाएवढी आहे. तेही एकाच पायाएवढी."

आजोबांनी बाळाचा पाय बघितला. मग मिचूला बघितलं. पाय मोठा होता.

"लहान आहेस खरी. पण तू घरातली आहेस का?"

"मी भिंतीतली आहे."

"भिंतीतली म्हणजे घरातली नव्हे."

"भिंत कुणाची?"

"घराची."

"भिंत काढली, तर घर राहील?"

आजोबांनी भिंतीकडे बघितलं. वर छताकडे बघितलं. "राहणार नाही," ते म्हणाले.

"मग भिंत घरातली. आणि मी भिंतीतली. मग मी कुठली?"

"घरातली," आजोबा म्हणाले.

आई खुदकन हसली. टाका चुकला. तिनं तो उसवला.

"चल," आजोबा म्हणाले. "जा उंबऱ्यावर. मार हाक. पण मोठ्यानं हं. ऐकू आली, तरच उठेन."

तुरू तुरू तुरू तुरू तुरू!

मिचू उंबऱ्यावर उभी राहिली. मागच्या दोन पायांवर. नाक वर करून.

"आजोबाऽऽ, उठाऽऽ! चिक्!"

आजोबांनी कानाला हात लावला. "ऐकू नाही आलं."

अर्धा सूर्य डोंगराआड गेला.

मिचूनं पोट फुगवलं.

"आजोबाऽऽऽ, उठाऽऽऽ! चिक्! चिक्!"

"ऐकू नाही आलं."

आई म्हणाली, "अहो, तिचा आवाज केवढा, खोली केवढी!"

"रीत आहे गं," आजोबा म्हणाले.

सूर्याची फक्त लाल कड उरली.

मिचूचा आवाज बसला. आता तिला "आजोबा" म्हणता येईना. "उठा" म्हणता येईना. तिच्या तोंडून एवढंच निघालं.

"चिक्."

झोळी हलली.

झोळीतून एक डोकं बाहेर आलं. टक्कल, दोन डोळे, एक दात. बाळानं मिचूकडे बघितलं. मिचूनं बाळाकडे बघितलं.

"चिक्," मिचू म्हणाली.

"अंऽऽ," बाळ म्हणालं.

"चिक्," मिचू म्हणाली.

"चिऽऽ," बाळ म्हणालं.

आईची सुई थांबली. बाबांचं रताळं हातात राहिलं. पायरीवरची नमू दाराशी आली.

"चिक्!" मिचू म्हणाली.

"चिऽऽक्!" बाळ ओरडलं. "चिऽऽक्! चिऽऽक्! चिऽऽक्!"

एवढ्या मोठ्यानं, की छपरावरचा कावळा उडाला. एवढ्या मोठ्यानं, की गोठ्यात शेळी म्हणाली, "बें?"

आजोबांनी कानावरचा हात काढला.

"ऐकू आलं!" ते म्हणाले.

आणि मग!

आजोबा उठले. गुडघे वाजले. कट कट कट!

आजोबा उठले, आईनं गोधडी उचलली. फट फट फट!

गोधडी बाहेर आली, बाबांनी काडी ओढली. चर्रर्र!

काडी ओढली, शेकोटी पेटली. तड तड तड!

शेकोटी पेटली, नमूची बोटं सुटली. तिनं दाव्याची गाठ सोडली. सुळ्‌!

दावं सुटलं, शेळी धावली. टप टप टप! तिनं फांदी तोंडात धरली. तिनं फांदी ओढली. खस्स!

फांदी खाली आली, बोरं खाली पडली. टपाटप, टपाटप, टपाटप! बाबांच्या डोक्यावर बोरं. रताळ्यांच्या टोपलीत बोरं. आजोबांच्या मफलरात बोरं.

आणि बोरांच्या मागून, हळू, हळू, हळू, आला लाल तुकडा.

मिचूनं तो तोंडात धरला.

"आई, आई, घ्या! सूर्य आहे का?"

नमू ओट्यावर चढली. टाचा वर केल्या. "आहे! नखाएवढा!"

आईनं सुईत दोरा ओवला. गोधडी फिरवली. या बाजूनं बघितली. त्या बाजूनं बघितली.

"अगं बाई," आई म्हणाली. "कडेला जागाच नाही. सगळीकडे तुकडे झाले."

मिचूची शेपटी खाली लोंबली.

"नीट बघ," आजोबा म्हणाले. ते वाकले. गुडघे वाजले. कट! "तो खिसा बघ. रिकामाच आहे की. उघडा आहे. वारा जाईल त्यात."

आईनं खिसा बघितला. आईनं मिचूला बघितलं. आईनं लाल तुकडा खिशाच्या तोंडावर ठेवला. बरोब्बर बसला!

टुक. एक टाका.

टुक. दुसरा टाका.

टुक टुक टुक. आईनं गाठ मारली. दातानं दोरा तोडला.

"गेला!" नमू म्हणाली. सूर्य डोंगराआड गेला.

सुई डब्यात.

आता खिसा म्हणजे झाली खोली. लाल तुकडा म्हणजे झालं दार. ठिपक्यांचं दार! मिचू दारातून आत गेली. दार बंद. दार उघडलं. नाक बाहेर. दार बंद.

मग सगळे गोधडीत बसले. मध्ये आजोबा. एका बाजूला आई, मांडीवर बाळ. दुसऱ्या बाजूला बाबा आणि नमू. नमूच्या पायाशी शेळी. आणि बाळाच्या पायाशी खिसा.

समोर शेकोटी. तड तड तड.

शेकोटीत रताळी होती. शेंगा होत्या. शेताच्या कडेचे हरभऱ्याचे घाटे होते. आणि बोरं तर काय, सगळीकडेच बोरं. कुणी कुणाला भेट दिली नाही. कुणी फोटो काढला नाही. सगळ्यांची बोटं काळी झाली. सगळ्यांची तोंडं काळी झाली. आजोबांची मिशीपण काळी झाली.

"आजोबा," नमू म्हणाली, "पुढच्या वर्षी हाक कोण मारणार?"

"बाळ," आजोबा म्हणाले. "तोवर बोलायला लागेल."

"पण बाळ मोठं होणार. मिचू काय, एवढीच राहणार."

आजोबांनी एक बोर खाल्लं. बी थुंकली. थू! विचार केला. या वेळी लवकर केला.

"मग मिचूच मारेल. दरवर्षी."

"आणि ऐकू नाही आलं तर?" बाबा म्हणाले.

"मग मी पुढे येऊन बसेन," आजोबा म्हणाले. "उंबऱ्याजवळ. रीत रीत म्हणून दुपारभर बसून पाय आखडले माझे."

आईनं आजोबांना सगळ्यांत मोठं रताळं दिलं.

तेवढ्यात शेळीनं गोधडीत तोंड घातलं. खिशाजवळ हुंगलं. हुं हुं हुं.

"यात कोण आहे?" शेळी म्हणाली. "उंदीर?"

मग आजोबा म्हणाले, आई म्हणाली, बाबा म्हणाले, नमू म्हणाली, सगळे एकदम म्हणाले,

"उंदीर नाही! चिचुंद्री!"

"चिऽऽक्!" बाळ म्हणालं.

आणि मिचू? तिला थंडी वाजत नव्हती. ती ठिपक्यांच्या दाराआड कधीच झोपली होती.

बोरं झाली फस्त, शेकोटी झाली सुस्त. गोधडीत गोष्ट झोपली मस्त.